सर्पगंधा, खाजकुइली आणि थरथरणारे हात

दरवर्षी ११ एप्रिल रोजी आपण महात्मा जोतीराव फुले यांची जयंती साजरी करतो. जगात अन्यत्र हाच दिवस ‘पार्किन्सन दिन’ म्हणून पाळला जातो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. जेम्स पार्किन्सन हा लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणारा गृहस्थ ११ एप्रिल १७५५ रोजी जन्मला. तोही आपल्या परीने सुधारक होता. सामान्य माणसाला मताधिकार मिळावा म्हणून त्याने टोपणनावाने पत्रके लिहिली आणि त्यापायी १७९४ साली सरकारी चौकशीलाही तोंड दिले. १८१७ साली त्याने ‘कंपयुक्त पक्षाघाता’वर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन आहे. त्यांपैकी दोघे त्याला रस्त्यात भेटलेले आणि एकाला तर त्याने केवळ दुरून पाहिलेले. हात थरथरतो, चाल आखडते, अंग पुढे झुकते, पावले नकळत धावू लागतात आणि एवढे होऊनही बुद्धी शाबूत राहते, हे त्याने टिपले. पुढे शार्को या फ्रेंच वैद्याने या विकाराला पार्किन्सनचे नाव दिले. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात.

मी अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. वैद्यकाशी माझा व्यावसायिक संबंध नाही. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो, त्याला दोन कारणे आहेत. पहिले घरगुती आहे, ते आधी सांगतो. दुसरे असे की, मेंदू आणि हालचालींचे विकार यांवरील संशोधनाचा इतिहास हा ज्ञानाच्या अर्थशास्त्राचा एक उत्तम धडा आहे आणि त्या धड्यातील दोन महत्त्वाची पाने आपल्या सह्याद्रीच्या रानात उगवणारी आहेत.

वहीतील अक्षर

माझे वडील शाहूपुरीच्या गूळपेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. दुकानाचा हिशेब तर त्यांच्याकडे होताच. पण घरखर्चाची वहीसुद्धा ते १९७१ पासून रोज रात्री लिहीत. दूध, भाजी, आमच्या वह्या-पुस्तकांचा खर्च, पाहुण्यांच्या हातावर ठेवलेले पैसे, सारे त्या वहीत असे. त्यांचे आकडे टपोरे आणि सरळ होते. २०१० च्या सुमारास त्यांचा उजवा खांदा आखडला. आम्ही तेल चोळले, शेक दिला. चालताना त्यांचा उजवा हात हलत नाही, हे आईच्या ध्यानात आले होते. पण ‘वय झाले’ या दोन शब्दांत आम्ही सर्वांनी तो विषय मिटविला. आवाज बारीक झाला, चेहरा निर्विकार दिसू लागला. नातेवाईक म्हणाले, हल्ली ते रागावल्यासारखे बसतात. २०१२ च्या पावसाळ्यात एका मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना दहा पावले चालायला लावली, एक ओळ लिहायला सांगितली आणि कंपवाताचे निदान केले. तोवर हाताला कंप जवळजवळ नव्हताच.

त्यानंतर एका रविवारी मी माळ्यावरून त्या जुन्या वह्या काढल्या. १९९० ची, २००० ची, २००५ ची अशी एकेक वही शेजारी मांडली. २००८ पासून आकडे लहान होत गेलेले होते. पानाच्या वरच्या ओळी ठीक असत आणि बेरजेपर्यंत येता येता अक्षर मुंगीएवढे होई. बेरीज मात्र एकदाही चुकलेली नव्हती. अक्षर असे आक्रसत जाणे हे या विकाराचे एक परिचित लक्षण आहे, हे मला पुढे कळले. म्हणजे निदानाच्या चार वर्षे आधीपासून रोगाची नोंद आमच्याच घरात, आमच्याच डोळ्यांसमोर, तारीखवार होत होती. ती वाचणारा कोणी नव्हता.

त्या वह्या पाहिल्यावर या रोगाविषयी मिळेल ते वाचण्यास मी प्रारंभ केला. त्यातून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवतो.

हालचालीचे नियमन

हात उचलावा असे आपल्या मनात येते आणि हात उचलला जातो. या साध्या क्रियेमागे मेंदूतील अनेक केंद्रांची साखळी असते. मेंदूच्या खोल भागात ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ नावाचा काळसर पेशींचा एक लहान पट्टा आहे. या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य निर्माण करतात आणि ते ‘स्ट्रायेटम’ या जवळच्या केंद्राला पुरवितात. राधानगरीच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे जसे पाणी निर्माण करीत नाहीत, किती सोडायचे तेवढेच ठरवितात, त्याप्रमाणे ही व्यवस्था हालचाल निर्माण करीत नाही. कोणती हालचाल सोडावी, कोणती रोखावी, तिचा वेग किती असावा, याचे नियमन करते. कंपवातात या काळ्या पेशी क्रमाक्रमाने मरतात. वाईट गोष्ट अशी की, डोपामीन तयार करणाऱ्या यंत्रणेचा मोठा भाग निकामी होईपर्यंत बाहेर ठळक लक्षण दिसत नाही.

प्रत्येक थरथर म्हणजे कंपवात नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. चहाचा कप ओठांशी नेताना हात थरथरत असेल, तर तो बहुधा एक निराळा आणि पुष्कळ अधिक आढळणारा कंप असतो. कंपवाताचा कंप हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो आणि कामाला लावला की बहुधा कमी होतो. लिहायला बसताच बोटे वाकडी होऊन आखडणे हा लेखनिकांना होणारा विकार आणखी वेगळा. काही औषधांमुळेही कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात आणि ती औषधे बंद केल्यावर बहुधा ओसरतात. ही निवड तज्ज्ञानेच करावयाची असते. पण तज्ज्ञाकडे जायचे हे मात्र घरच्यांनीच ठरवावे लागते.

दोन वनस्पती

औषधामुळे कंपवाताची लक्षणे उद्भवतात, या एका निरीक्षणातूनच आधुनिक संशोधनाचे दार उघडले आणि ती कथा आपल्या देशापासून सुरू होते.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना शतकानुशतके माहीत आहे. निद्रानाश आणि उन्माद यांवर तिचे मूळ दिले जाई. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरद्वयाने तिच्यामुळे रक्तदाब उतरतो, हे नोंदविले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी अनेक वर्षे रुग्णांवर तिचा वापर केला आणि १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्या लेखाने पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वेधले. या कार्यासाठी वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतील कार्यकारी द्रव्य वेगळे केले होते. तेच रेसर्पिन. रक्तदाब आणि मनोविकार या दोन्हींवर ते जगभर वापरले जाऊ लागले. मात्र काही रुग्णांचे हातपाय त्यामुळे आखडू लागले, चाल मंदावली, चेहरा निर्विकार झाला. औषधाने जणू कंपवाताची नक्कल केली.

१९५७ साली, म्हणजे वकील यांना पुरस्कार मिळाला त्याच वर्षी, स्वीडनमधील लुंड येथे आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचले. ससे कान पाडून निपचित झाले. मग त्यांनी त्यांना लेव्होडोपा नावाचे द्रव्य दिले, ज्यापासून शरीर डोपामीन तयार करते. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. तोवर डोपामीन हे दुसऱ्या एका द्रव्याच्या निर्मितीतील मधला टप्पा, एवढेच त्याचे महत्त्व मानले जाई. ते स्वतःच मेंदूतील एक संदेशवाहक आहे, असे कार्लसन यांनी मांडले. त्याला प्रारंभी विरोध झाला. १९६० साली व्हिएन्ना येथे होर्निकेविझ आणि एरिंगर यांनी कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा स्ट्रायेटममध्ये डोपामीन अत्यल्प आढळले. १९६१ साली तेथेच बिर्कमायर यांनी रुग्णांना लेव्होडोपा टोचले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे काही तासांपुरती उठून चालली. १९६७ साली अमेरिकेत कोट्झियास यांनी ते तोंडावाटे, हळूहळू मात्रा वाढवीत देण्याची रीत बसविली. पुढे कार्बिडोपाची जोड मिळाल्याने मात्रा कमी झाली आणि मळमळ आटोक्यात आली. आज माझ्या गावातील औषधाच्या दुकानात मिळणारी गोळी ती हीच. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता दुसरी वनस्पती. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या बाजूच्या रानात हिंडलेल्या कोणालाही खाजकुइली सांगावी लागत नाही. तिच्या शेंगेवरील तांबूस लव अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो. शाळकरी पोरांनी एकमेकांच्या सदऱ्यात ती टाकण्याचा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. संस्कृतात हिला कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता म्हणतात आणि तिचे बी वैद्यांच्या औषधात फार पूर्वीपासून आहे. १९३७ साली मद्रास येथील दामोदरन आणि रामस्वामी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी या बियांतून एक द्रव्य वेगळे केले आणि ते इंग्लंडच्या जीवरसायनविषयक नियतकालिकात नोंदविले. ते द्रव्य म्हणजे लेव्होडोपा.

म्हणजे कंपवाताची नक्कल करून रोगाचे कोडे उलगडणारे द्रव्य आपल्या एका वनस्पतीत होते आणि त्या रोगावर उतारा ठरलेले द्रव्य दुसऱ्या वनस्पतीत. पहिलीचे महत्त्व मुंबईत जगापुढे मांडले गेले. दुसरीतील द्रव्य मद्रासला बाटलीत भरले गेले. कार्लसन यांच्या सशांच्या वीस वर्षे आधी ते भरले गेले होते.

मधली कडी

हे वाचून ‘सारे आमच्याकडे होतेच’ असा उद्गार काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. लेव्होडोपा बाकल्याच्या बियांतून १९१३ सालीच युरोपात वेगळे केले गेले होते. तेव्हा केवळ द्रव्य हाती असणे म्हणजे ज्ञान असणे नव्हे, हे युरोपालाही लागू आहे. दामोदरन-रामस्वामी यांच्यासमोर एक वनस्पतिज रसायन होते. त्याचा मेंदूशी काही संबंध असेल, असे १९३७ साली जगात कोणालाही वाटण्याचे कारण नव्हते. वकील यांच्यासमोर रक्तदाबाचे रुग्ण होते. या दोन टोकांना जोडणारी मधली कडी म्हणजे मेंदूत डोपामीन मोजण्याची पद्धत, ससे, प्रयोगशाळा आणि मृत रुग्णांचे जतन केलेले मेंदू. ती कडी आपल्याकडे नव्हती.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकवितो की, ज्या वस्तूचा लाभ आधी मोजता येत नाही आणि झाल्यावर कोणालाही नाकारता येत नाही, त्या वस्तूसाठी बाजार पुरेसा पैसा लावीत नाही. मूलभूत संशोधन हे तिचे ठळक उदाहरण. सशांच्या मेंदूतील एका दुर्लक्षित द्रव्याचा अभ्यास करणाऱ्या कार्लसन यांना ‘याचा उपयोग काय’ असे विचारून अनुदान नाकारले गेले असते, तर त्या निर्णयात कोणत्याही हिशेबनीसाला चूक दिसली नसती. आपल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत हा प्रश्न रोज विचारला जातो. संशोधनप्रकल्पाच्या अर्जात ‘समाजास तात्काळ उपयोग’ हा रकाना भरताना माझे विज्ञानशाखेतील सहकारी जी कल्पनाशक्ती खर्च करतात, ती प्रयोगशाळेत खर्च झाली तर देशाचे अधिक भले होईल.

मधल्या कडीसाठी प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. १९७८ साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना कपिकच्छूचे चूर्ण देऊन त्याचे परिणाम शास्त्रीय रीतीने नोंदविले. १९९५ साली या बियांपासून केलेल्या औषधाची ६० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. २००४ साली लंडनमध्ये ८ रुग्णांवर काटेकोर तुलना झाली; तीत चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला. हे अभ्यास लहान आहेत. त्यांवरून गोळी सोडून चूर्णाकडे वळावे असा निष्कर्ष निघत नाही. बाजारात ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत लेव्होडोपा किती आहे, हे पुडीवरून कळत नाही आणि गोळीच्या जोडीला ती घेतली तर मात्रा भलतीच वाढू शकते. ज्या रानवेलीत खरोखरीचे औषध आहे, तिला औषधासारखीच भीतीही बाळगली पाहिजे.

मोजणीचा प्रश्न

संशोधनाला आणखी एक आधार लागतो. तो म्हणजे मोजणी. आपल्याकडे किती जणांना हा रोग आहे?

या बाबतीत मुंबईने एक मोठे काम केले आहे. डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० व्यक्तींची पाहणी केली. आधी प्रश्नावली घेऊन संशयित व्यक्ती निवडायच्या आणि मग मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना तपासायचे, अशी ती रीत होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ४६ रुग्ण आढळले; म्हणजे दर लाखामागे सुमारे ३२८. उलट काश्मीरच्या ग्रामीण भागातील १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हेच प्रमाण दर लाखामागे सुमारे १४ निघाले. एवढ्या तफावतीचे पहिले कारण वयाच्या रचनेत आहे. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण फार मोठे. काश्मीरच्या खेड्यांत तरुणांचे. काश्मीरमधील फक्त साठीपुढील लोक घेतले, तर प्रमाण दर लाखामागे २४७ वर जाते. सरासरी किती फसवी असते, हे विद्यार्थ्यांना शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

आणि आता आपणच वृद्ध होत आहोत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील जवळपास दहापैकी एक व्यक्ती साठीच्या पुढे होती. जगात कंपवाताचे रुग्ण १९९० मध्ये सुमारे २५ लाख होते. २०१६ मध्ये ते सुमारे ६१ लाख झाले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. केवळ आयुर्मान वाढल्याने ही सारी वाढ झालेली नाही, असे हा अंदाज मांडणाऱ्यांचे म्हणणे आहे.

येथे आपल्या जिल्ह्याचा प्रश्न येतो. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण अकस्मात कंपवाताच्या रुग्णांसारखे ताठ झाले. त्यांनी घेतलेल्या बनावट मादक पदार्थात एमपीटीपी नावाचे द्रव्य होते; त्यापासून शरीरात जे विष बनते, ते नेमक्या त्याच काळ्या पेशी मारते. बाहेरचे रसायन हा रोग उत्पन्न करू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले. त्या विषाची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे, हेही लक्षात आले. त्यानंतर अनेक देशांतील अभ्यासांत कीटकनाशके व तणनाशके हाताळणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले आहे. युरोपीय संघात २००७ पासून पॅराक्वाटला परवानगी नाही. संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे मान्यच आहे. १९९७ साली इटलीतील एका कुटुंबात या रोगास कारणीभूत होणारा जनुकीय दोष सापडला, तेव्हा आनुवंशिकतेचाही वाटा आहे. बहुतेक रुग्णांत मात्र एकच एक कारण दाखविता येत नाही. पण उसाच्या पट्ट्यात पाठीवर पंप घेऊन, उघड्या अंगाने फवारणी करणारे हात आपण रोज पाहतो. शिरोळ, हातकणंगले, करवीर या तालुक्यांत साठीपुढील किती जणांची चाल आखडली आहे आणि त्यांपैकी किती जणांनी वर्षानुवर्षे फवारणी केली, हे आपण मोजले पाहिजे. पारशी वसाहतीत जे झाले, ते पंचगंगेच्या खोऱ्यात होण्यास तात्त्विक अडचण कोणतीही नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत दरवर्षी शेकडो विद्यार्थी गावोगावी जातात. त्यांना प्रश्नावली शिकविता येईल. संशयितांची तपासणी कोल्हापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने करता येईल. खर्च फारसा नाही. चिकाटी मात्र लागेल.

घरातील श्रम

या रोगाचा खर्च किती, असे विचारले तर लोक गोळ्यांची किंमत सांगतात. लेव्होडोपा-कार्बिडोपा ही जोडगोळी देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि इतर अनेक आजारांच्या मानाने ती महाग नाही. मेंदूत विद्युत्‌वाहक तार बसवून नियंत्रित उत्तेजना देणारी शस्त्रक्रिया १९८७ पासून फ्रान्समधील बेनाबिद यांच्या कामामुळे विकसित झाली. मुंबईत ती १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून होऊ लागली, डॉ. परेश दोशी हे नाव त्यासंदर्भात सर्वपरिचित आहे. तिचा खर्च काही लाखांत जातो आणि ती प्रत्येक रुग्णास योग्यही नसते. शिवाय गोळी काय किंवा शस्त्रक्रिया काय, दोन्ही लक्षणे आटोक्यात ठेवतात. पेशींचे मरण थांबविणारा उपाय जगात अजून सिद्ध झालेला नाही.

परंतु खरा खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही. आमच्या घरी तो आईच्या नावावर पडला. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायची, कारण डाळ-दुधातील प्रथिने तिला आतड्यात अडवितात. काही वर्षांनी गोळीचा परिणाम चार तासांऐवजी अडीच तासांतच ओसरू लागला, तेव्हा आईचा सारा दिवस घड्याळाच्या काट्याला बांधला गेला. सदऱ्याची बटणे, घास, रात्री कूस बदलणे. नऊ वर्षांत ती एकदाही माहेरी मुक्कामाला गेली नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले होते की, एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले की, काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. मी हे उदाहरण वीस वर्षे हसत हसत शिकवीत आलो. आता हसू येत नाही.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात कंपवाताचा समावेश झालेला आहे. म्हणजे ठरावीक प्रमाणात अक्षमता असलेल्या रुग्णाला प्रमाणपत्र मिळू शकते. आमच्या ओळखीच्या अनेक कुटुंबांना हे ठाऊकच नव्हते. आम्हालाही ते फार उशिरा समजले.

जे सरकारने केले नाही, त्यातले काही समाजाने केले आहे. मुंबईत २००१ पासून ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ काम करते. पुण्यात रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांनी मिळून ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ उभे केले. तेथे हृषीकेश पवार या नृत्यशिक्षकाने रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले. हे ऐकून प्रथम मला ती केवळ करमणूक वाटली होती. पण या रोगात आतून निघणारी हालचाल अडते, तरी बाहेरून ताल किंवा खूण मिळाली तर ती मोकळी होते, असे संशोधनात आढळले आहे. त्याचा पडताळा आम्हाला घरातच आला. वडील उंबऱ्यापाशी खिळून उभे राहत; पाऊल उचलत नसे. तेच वडील जिना सहज चढत. मग आम्ही स्वयंपाकघरापर्यंतच्या फरशीवर एका पावलाच्या अंतराने खडूच्या आडव्या रेघा ओढल्या आणि ते त्या रेघा ओलांडत चालू लागले. गणपतीत गल्लीत लेझीम सुरू झाली की, त्यांची पावले तिच्या ठेक्यावर मोकळी पडत. हे सारे फुकट होते. कोणी सांगितले असते, तर तीन वर्षे आधी झाले असते.

काय करता येईल

शिक्षक, कारकून, विद्यार्थी हा या पानाचा वाचकवर्ग. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी साठीपुढचे कोणीतरी आहे. चालताना एकच हात हलत नसेल, अक्षर लहान होत चालले असेल, आवाज बसला असेल, वास येईनासा झाला असेल, झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे सुरू झाले असेल, तर ‘वय झाले’ असे म्हणून विषय मिटवू नका. यांपैकी एका लक्षणाने रोग ठरत नाही. परंतु दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली तर दाखवून घ्यायला हरकत काय?

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. व्हिएन्नामध्ये १९६० साली जे कळले, ते मृतांच्या मेंदूंमुळे कळले. आजही या रोगाचे अंतिम निदान मेंदूच्या तपासणीनेच पक्के होते आणि नव्या औषधांचे रस्ते तेथूनच निघतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ साली मानवी मेंदूच्या ऊतींचे भांडार स्थापन झाले. नेत्रदानाविषयी आपल्याकडे बरीच जागृती झाली. देहदानाचे अर्जही लोक भरू लागले आहेत. मेंदूदान हा शब्द मात्र अजून आपल्या कानांना परका आहे.

माझे वडील २०२१ साली वारले. पंचगंगेच्या घाटावर आम्ही त्यांना अग्नी दिला. त्या वेळी आम्हाला कोणी काही विचारले नाही आणि आमच्याही मनात ते आले नाही. ज्या मेंदूने पन्नास वर्षे एकही बेरीज चुकू दिली नाही, त्याच्या काळ्या पेशी कशाने मेल्या, हे कदाचित कोणाला तरी थोडे अधिक कळले असते. वह्या मात्र आहेत. १९७१ पासूनच्या, ओळीने लावून ठेवलेल्या. हस्ताक्षरावरून रोग लवकर ओळखता येतो का, याचा अभ्यास करणारे संशोधक जगात आहेत. त्यांपैकी कोणी मागितल्या, तर मी त्या देईन. आईने तसे मला सांगून ठेवले आहे.